दोन कोटी चाळीस लाख आणि शेजारचा बंगला: अलिबाग तालुक्यातलं एक प्रकरण

फेब्रुवारी 2021 मध्ये अलिबाग तालुक्याच्या उत्तर भागात, मांडवा जेट्टीपासून फार लांब नसलेल्या एका गावात, एका कुटुंबाने दीड एकर भातशेती विकली. कुटुंबातल्या थोरल्या मुलाच्या हाती 2 कोटी 40 लाख रुपये आले. ऑगस्ट 2024 मध्ये त्याची बायको पतपेढीची नोटीस पिशवीत घालून माझ्याकडे आली, तेव्हा बँकेतली ठेव संपलेली होती आणि डोक्यावर 15 लाखांचं कर्ज होतं. मधल्या काळात घरात दारू नव्हती, जुगार नव्हता, कुणी खोट्या सह्या करून पैसे उकळले नव्हते. गेला तो प्रत्येक रुपया घरच्यांच्या संमतीने आणि चारचौघांत नीट दिसावं या इच्छेने गेला. म्हणूनच हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं.

मी बँकेतून निवृत्त झाले. आता अडचणीत आलेल्या घरांचे हिशोब मांडून द्यायला मदत करते. कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव देत नाही, काही तपशील बदलले आहेत आणि रकमा पूर्णांकात घेतल्या आहेत. थोरल्या मुलाला सगळे तात्या म्हणतात, मीही तेच म्हणेन. त्यांची बायको म्हणजे वहिनी, आणि ऐंशी पार केलेली आई म्हणजे आजी.

ही गोष्ट एका घरापुरती राहणार नाही. विरार-अलिबाग मार्गिकेसाठी रायगडात भूसंपादन चालू आहे, अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये सुरू झाला, रेवसच्या खाडीवर पूल होऊ घातलाय. पनवेल-उरणच्या लोकांनी, सिडकोने संपादित जमिनीच्या बदल्यात दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांच्या वेळी जे पाहिलं, ते आता अलिबाग-पेणमधल्या पुष्कळ घरांच्या दारात येऊन उभं राहणार आहे.

जमीन या घरात कशी आली

ही जमीन तात्यांच्या आजोबांनी विकत घेतलेली नव्हती. ते खोताचं कूळ होते, म्हणजे त्या जमीनदाराची जमीन खंडाने कसत. आजीचं माहेर खारेपाटातलं, चरी गावाच्या बाजूचं. तिथल्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 ते 1939 अशी सहा वर्षं खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. त्या वर्षांत लोकांनी काय खाल्लं, कुणाकडून उसने तांदूळ आणले, हे आजीला तिच्या आईने सांगितलेलं पाठ आहे. पुढे 1948 चा कुळकायदा आला, 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन, म्हणजे कूळ जमिनीचं मालक होण्याचा दिवस, ठरला, आणि या घराला कसत होते त्याच जमिनीची मालकी मिळाली. त्या मालकीचं, कलम 32म चं प्रमाणपत्र आजीच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीखाली अजून आहे.

कुळकायद्याने मिळालेली जमीन विकायची तर पूर्वी महसूल खात्याची परवानगी काढावी लागे, आणि ती सहज मिळत नसे. 2014 च्या दुरुस्तीने प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या शेतसाऱ्याच्या, चाळीस पट नजराणा सरकारला भरून विक्री करता येऊ लागली. भातशेतीचा आकार काही रुपयांत असतो, तेव्हा चाळीस पट म्हणजेही किरकोळ रक्कम. तीन पिढ्यांनी सांभाळलेली गोष्ट एका चलनावर मोकळी झाली. कायदा शेतकऱ्याच्या सोयीसाठीच बदलला, यात वाद नाही. पण विकण्याची वाट सोपी झाली तेव्हा विकल्यानंतरच्या दिवसांची तयारी कुणीच करून दिली नाही, ही माझी तक्रार आहे.

विक्रीला निमित्त झालं 3 जून 2020 चं निसर्ग चक्रीवादळ. तात्यांच्या वाडीतल्या बहुतेक सुपाऱ्या आणि निम्मे माड एका दुपारी आडवे झाले. सुपारीचं झाड लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षं घेतं. नुकसानभरपाई बागायतीला हेक्टरी 50 हजार ठरली, म्हणजे गुंठ्याला 500 रुपये. त्याआधी मार्चमध्येच भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाली होती. टाळेबंदीत मुंबईच्या पैसेवाल्यांना समुद्राकाठची मोकळी जागा हवी होती आणि त्या हिवाळ्यात मुद्रांक शुल्कात सवलतही होती. दलाल दिवसाआड दारात. 60 गुंठ्यांना गुंठ्याला 9 लाख या भावाने सौदा 5 कोटी 40 लाखांना ठरला. गाव नगरपालिकेच्या हद्दीपासून 2 किलोमीटरच्या पलीकडे असल्याने शेतजमिनीवर भांडवली नफ्याचा कर नव्हता. पैसा पूर्ण चेकने आला. वाडीचे 18 गुंठेही विका, असा आग्रह होता, पण आजीने अंगठा दिला नाही. "भात गेला तर गेला, वाडीला हात लावायचा नाय," एवढंच ती म्हणाली. आज या घराकडे जे उरलंय ते त्या एका नकारामुळे.

वाटणी

दलाली वजा जाता 5 कोटी 30 लाख राहिले. कायद्याने वारस पाच: आजी, तात्या, डोंबिवलीला नोकरी करणारा धाकटा भाऊ आणि दोन बहिणी. प्रत्येकी 1 कोटी 6 लाख. प्रत्यक्षात दोघा बहिणींना 25-25 लाख देऊन हक्कसोड पत्रावर सह्या घेतल्या. उरलेले 4 कोटी 80 लाख दोघा भावांत निम्मेनिम्मे झाले. आजीचा वाटा "ती तुमच्याकडेच राहते" म्हणून तात्यांच्या रकमेत मिसळला.

मुलींचा हक्क महाराष्ट्रात 1994 च्या दुरुस्तीने आणि देशभर 2005 च्या दुरुस्तीने मुलग्यांइतकाच झाला. बहिणींना हे ठाऊक नव्हतं असं नाही. धाकटी शिक्षिका आहे. तिने मला सांगितलं, "सही केली नसती तर गणपतीला कुठल्या तोंडाने आले असते?" कोकणात किती बहिणींनी माहेर टिकावं म्हणून अशा सह्या केल्या असतील! माझ्या मते या प्रकरणातलं पहिलं नुकसान इथे, नोंदणी कार्यालयाच्या बाकावर झालं. ते पुढे कुठल्याच हिशोबात धरलं गेलं नाही.

शेजारचा बंगला

तात्यांच्या वाडीला लागून दक्षिण मुंबईतल्या एका उद्योजक कुटुंबाचा बंगला आहे, दहा-बारा वर्षांपासूनचा. जमीन विकायच्या आधी या दोन घरांचं छान चाललेलं होतं. वहिनी त्यांना अंडी, ताडगोळे, पांढऱ्या कांद्याची माळ द्यायच्या. बंगल्यातल्या बाई शनिवारी संध्याकाळी तात्यांच्या ओटीवर येऊन बसायच्या, चहा प्यायच्या. तात्या त्यांच्या पंपाची मोटर बघून द्यायचे. त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता, कारण कुणाला कुणासारखं व्हायचं नव्हतं.

पैसा आल्यावर तात्यांच्या मनात एक गोष्ट पक्की झाली: आता आपण त्यांच्या बरोबरीचे. बरोबरी दिसायला हवी. वहिनींनी अंडी देणं बंद करावं, रस्त्याकडेला कांदे आणि सुपारी घेऊन बसू नये, बचत गटाच्या बैठकीला जाऊ नये. घरात हिंदी बोलावं, निदान पाहुण्यांसमोर तरी. लुंगी गेली, बर्म्युडा आली. गावात कुणी "तात्या, काय चाललंय" म्हटलं की उत्तर तुटक येऊ लागलं.

एप्रिल 2021 मध्ये जुनं घर पाडलं. काळ्या दगडाचं जोतं, मंगलोरी कौलं, ओटी, पडवी, माजघर, मागे परसू. जुन्या लाकडाचा व्यापारी दारं, खांब आणि कौलं मिळून 70 हजारांना घेऊन गेला. नव्या घराचा अंदाज 60 लाखांचा होता, खर्च 85 लाखांवर गेला. दुमजली, समोर काच, सगळीकडे ग्रॅनाइट, खोलीखोलीला एसी. समुद्राच्या खाऱ्या हवेत पुढच्या काचेच्या चौकटी दुसऱ्या पावसाळ्यातच गंजल्या. पूर्वी ओटीवर येणारा माणूस चप्पल काढून सरळ बसायचा. आता गेट, गेटवर घंटी, आणि आत सोफा. माणसं गेटवरूनच निरोप सांगून जाऊ लागली.

पोपटीची रात्र

2022 च्या फेब्रुवारीत बंगल्यात पाहुणे आले होते आणि त्यांनी तात्यांना सहकुटुंब बोलावलं. तात्यांनी ब्लेझर घातला. वहिनी कांजीवरम साडी आणि अंगावर मावेल तेवढं सोनं घालून गेल्या. यजमान आणि पाहुणे सुती कुडत्यात, अनवाणी, अंगणात चटया टाकून बसलेले. जेवण काय? पोपटी. वालाच्या शेंगा, कोंबडी, अंडी, बटाटे भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडकं उपडं करून जाळायचं, आपल्याकडे थंडीत शेतात करतात तीच. मडकं लावायला गावातली पोरं बोलावली होती. त्यांत तात्यांचा सख्खा चुलत पुतण्या होता.

यजमानीण बाईंनी मोठ्या प्रेमाने पाहुण्यांना सांगितलं की गावात पोपटी तात्यांसारखी कुणी लावत नाही. आणि तात्यांना म्हणाल्या, तेवढं मडक्याचं तोंड तुम्ही बंद करून दाखवा. हे खरंच होतं. पाला किती घट्ट दाबायचा, जाळ किती वेळ ठेवायचा, मडक्यावर पाणी शिंपडून चर्र आवाजावरून शेंगा शिजल्या की नाही हे कसं ओळखायचं, यात तात्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. तात्या जागचे उठले नाहीत. "ते गडी करतील," असं पुतण्याकडे हात करून हिंदीत म्हणाले. वहिनी सांगतात, पुतण्याने मान वर केली नाही, काम पुरं केलं, मजुरी न घेता निघून गेला. त्यानंतर तो काकाच्या घरी आलेला नाही.

त्याच रात्री पाहुण्यांची खोली दाखवताना तात्यांना तिथे आपल्या माजघराचं दार दिसलं. तेच, कडीजवळ वडिलांनी विळ्याच्या टोकाने ओढलेल्या रेघा असलेलं. दर वर्षी किती खंडी भात आलं त्याच्या त्या खुणा. बंगलेवाल्यांनी ते दार मुंबईच्या एका दुकानातून घेतलं होतं, कुणाच्या घरचं हे त्यांना माहीत नव्हतं. पॉलिश करून, काच ठेवून त्याचं टेबल केलेलं. त्यांनी ते किती किमतीला घेतलं, ते मी इथे लिहीत नाही. तात्यांनी मला तो आकडा सांगितला तेव्हा त्यांचा आवाज चिरकला होता.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांनी दाखवून दिलं की वर्ग नुसत्या पैशाने ठरत नाही. काय आवडावं, कसं बसावं, काय साधं ठेवावं, याचंही एक भांडवल असतं आणि ते लहानपणापासून अंगात मुरतं. पोपटीच्या रात्री हेच उघडं पडलं. पिढ्यान्‌पिढ्या पैसा पाहिलेली माणसं अनवाणी बसू शकतात, कारण त्यांना गरीब समजायची कुणाची शामत नसते. तात्यांना अनवाणी बसण्याचीच भीती होती. आणि ज्या गोष्टीमुळे त्या अंगणात त्यांना खरा मान होता, तीच त्यांना लपवावीशी वाटली.

लग्न, मुलगा आणि इतर खर्च

डिसेंबर 2022 मध्ये मुलीचं लग्न रिसॉर्टवर झालं. खर्च 38 लाख. गावाकडे आजवर लग्नाचं आमंत्रण चूलबंद असे, म्हणजे त्या दिवशी कुणाच्या घरी चूल पेटायची नाही. इथे घरटी एक पास. हळदीला धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, गाणारी म्हातारी धवलारीण आली होती, पण साउंडवाल्याच्या कार्यक्रमात तिला जागा नव्हती. ती पार्किंगजवळच्या खुर्चीवर बसून राहिली आणि जेवून परत गेली. गावातली पन्नासेक घरं आलीच नाहीत. रायगडात गावकीने वाळीत टाकण्याची प्रकरणं इतकी गाजली की राज्याला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. इथे तसं काहीच घडलं नाही. कुणी ठराव केला नाही, कुणी बोलणं तोडलं नाही. लोक फक्त आपापल्या कामाला लागले.

लग्नाच्या दीड महिना आधी मोठ्या बहिणीच्या नवऱ्याचं डायलिसिस सुरू झालं होतं. तिच्या वाट्याचे 25 लाख मुलाच्या घरासाठी अडकलेले. तिने 5 लाख उसने मागितले. तात्यांनी "सध्या सगळं अडकलंय" असं कळवलं. त्याच आठवड्यात लग्नाच्या फुलांच्या सजावटीची आगाऊ रक्कम गेली होती. बहीण लग्नाला आली, आहेर ठेवला, जेवली नाही.

मुलाला व्यवस्थापन कोट्यातून खाजगी कॉलेजात हॉटेल मॅनेजमेंटला घातलं, 13 लाख. तिथली मुलं दर शनिवारी कुठे कुठे जायची, हाही गेला. वडील भेटायला आले की गेटबाहेरच थांबवायचा, कारण त्यांच्या बोलण्याची त्याला लाज वाटायची. तिसऱ्या सत्रात तो नापास झाला, शिक्षण सोडलं आणि मोबाइलवरून झटपट मिळणारी कर्जं घेऊन बसला. ती वहिनींचे दागिने गहाण ठेवून फेडली. या मुलाबद्दल मला राग येत नाही. घरात जे चाललं होतं तेच तो शिकला.

बाकीचं झटपट सांगते. गाडी 28 लाख. एका नव्या मित्राच्या हॉटेलात भागीदारी 20 लाख, करारपत्र नाही. हातउसने दिलेले 17 लाख, त्यातले बरेचसे अशा लोकांना ज्यांना नाही म्हणणं आता शोभत नाही असं तात्यांना वाटलं. देवळाला आणि क्रिकेट स्पर्धेच्या बक्षिसाला मिळून 6 लाख. दुबईची सहल 4 लाख. आणि चाळीस महिन्यांचा घरखर्च 29 लाख. पूर्वी या घराला महिन्याला रोख पंधरा हजार पुरत, कारण तांदूळ, नारळ, भाजी, अंडी घरची. नव्या घराला सत्तर हजारांच्या पुढे लागत. वर गेलेली बेरीज 2 कोटी 40 लाखांचीच होते. मी पुन्हा पुन्हा तपासली.

2021 मध्ये बँकेतल्या मुदत ठेवींचे दर उतरलेले होते. तरीही साडेपाच टक्क्यांनी पूर्ण रकमेवर वर्षाला 13 लाख 20 हजार, म्हणजे करापूर्वी महिन्याला 1 लाख 10 हजार आले असते आणि मुद्दल शाबूत राहिलं असतं. एवढं साधं गणित तात्यांना कुणी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं, त्यांच्याच मेहुण्याने. पण महिन्याला लाखभर रुपये मिळवणारा माणूस म्हणजे नोकरदार, आणि तात्यांना नोकरदारासारखं दिसायचं नव्हतं.

माझं निरीक्षण

या किनाऱ्यावर आपल्याला श्रीमंत माणूस शनिवार-रविवारीच दिसतो. शुक्रवारी संध्याकाळी मांडव्याला उतरतो, बंगल्यात दिवे लागतात, मासळी येते, गाणी लागतात, आणि सोमवारी पहाटे सगळं बंद. सोमवार ते शुक्रवार तो काय करतो, कुठल्या बैठकीत बसतो, कुठल्या कर्जाचा हप्ता भरतो, पैसे कुठे गुंतवतो, कशाला नाही म्हणतो, हे गावाला कधी दिसतच नाही. अलिबागचा बंगला हा त्याच्या मिळकतीचा एक लहानसा कोपरा असतो, आणि तोही विश्रांतीचा. तात्यांनी श्रीमंती म्हणून जे पाहिलं आणि उचललं ते कुणाचं तरी सुट्टीचं जगणं होतं. ते त्यांनी आठवड्याचे सातही दिवस, साडेतीन वर्षं जगायचा प्रयत्न केला. कितीही पैसा असता तरी पुरला नसता.

दुसरी गोष्ट मला अधिक बोचते. गावात तात्या कुणीतरी होते. पोपटी लावणारे, मोटर दुरुस्त करणारे, मयताला पहिले पोचणारे, भांडणात मध्यस्थी करणारे. बंगल्याच्या जगात ते "जमीन विकलेले शेजारी" एवढेच राहिले. तिथल्या माणसांनी त्यांचा अपमान केला असं मी म्हणणार नाही, ती माणसं सभ्य आहेत. पण त्या जगात तात्यांची कुणाला गरज नव्हती. ज्या जगात गरज होती तिथून त्यांनी स्वतःच पाय काढला.

वहिनींचं नुकसान तर वेगळंच. त्यांची स्वतःची कमाई गेली, बचत गटातून नाव गेलं, बाजारातल्या बायकांची सोबत गेली. "पैसं होतं, पन हाक मारावी असं कुनी उरलं नवतं," असं त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. नोटीस आली तेव्हा त्या आधी रात्रभर स्वयंपाकघरात बसून राहिल्या होत्या आणि सकाळी तात्यांना न सांगता निघाल्या होत्या. या घरात सावरण्याची सुरुवात त्यांनी केली, याचं श्रेय दुसऱ्या कुणालाच जात नाही.

सावरताना काय केलं

पहिल्या बैठकीत तात्या बोललेच नाहीत. दुसऱ्या बैठकीत मी त्यांना एकच काम दिलं: हातउसने कुणाकुणाला दिले, केव्हा दिले, पुरावा काय, हे स्वतःच्या अक्षरात लिहून आणा. उसन्या पैशाच्या वसुलीसाठी मुदत तीन वर्षांची असते, त्यामुळे जुन्या रकमांना घाई होती. ज्यांच्याकडून लेखी कबुली किंवा काही रक्कम मिळाली तिथे मुदत नव्याने सुरू झाली. 17 लाखांपैकी आतापर्यंत 3 लाख 20 हजार परत आले. हॉटेलवाल्या मित्राला बँक खात्यावरच्या नोंदी दाखवून वकिलामार्फत पत्र गेलं. त्याने 6 लाख दिले, बाकीचे येतील असं मला वाटत नाही.

गाडी 14 लाख 50 हजारांना विकली. त्यातून पतपेढीचं 9 लाखांचं कर्ज व्याजासह मिटवलं आणि सोनं सोडवायला सुरुवात केली. गाडी विकायला तात्या सगळ्यात जास्त अडले. घर गहाण टाकू, पण गाडी नको, असं त्यांचं म्हणणं, कारण घर गावातल्यांनाच दिसतं, गाडी जेट्टीवर दिसते. तीन आठवडे गेले. शेवटी आजी म्हणाली की माझं दवाखान्याचं बिल भरायला पैसे नसतील तर त्या गाडीतून मला न्यायचं तरी कशाला. दुसऱ्या दिवशी गाडीचे कागद माझ्या टेबलावर होते.

वरचा मजला आता पर्यटकांना देतात. पर्यटन खात्याच्या निवास व न्याहारी योजनेखाली वहिनींच्या नावाने नोंदणी केली. जेवण वहिनी आणि बचत गटातल्या दोघी मिळून करतात: तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कालवण, हंगामात वालाचं बिरडं. पाहुणे खालच्या काचेच्या दिवाणखान्यात बसत नाहीत, मागच्या वाडीत खुर्च्या टाकून बसतात. शनिवार-रविवार भरतो, मधले दिवस रिकामे जातात, पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की आणखी कमी. खर्च वजा जाता वर्षाच्या सरासरीने महिन्याला 25-30 हजार सुटतात. या हंगामात पोपटीची मागणी आली तेव्हा तात्यांनी मडकं लावलं. पुतण्याला बोलावणं पाठवलं होतं, तो आला नाही. तात्या स्वतः त्याच्या घरी जाणार आहेत असं म्हणतात, अजून गेलेले नाहीत.

मुलगा सध्या मांडव्याला एका जलक्रीडा केंद्रावर काम करतो, पगार 16 हजार. त्यातले 4 हजार वहिनींना देतो, सोन्याच्या हप्त्यासाठी. शिक्षण पुन्हा सुरू करावं यासाठी मी त्याच्या मागे आहे.

राहिली ती वाडी. वादळानंतर आजीने हट्टाने लावून घेतलेली सुपारी आता धरायला लागली आहे. या 18 गुंठ्यांवर हक्कसोड झालेलं नाही, कारण विक्रीच्या वेळी ती जमीन सौद्यातच नव्हती. माझा आग्रह असा की आजी हयात आहे तोवरच वाटणीपत्र नोंदवावं आणि दोघी बहिणींची नावं सातबाऱ्यावर चढवावी. तात्यांनी हे मान्य केलं आहे, आणि मोठ्या बहिणीला दरमहा 10 हजार द्यायचंही त्यांनी आपण होऊन ठरवलं, ते सहा महिने न चुकता गेले आहेत. धाकटी बहीण सही करायला तयार आहे. डोंबिवलीचा भाऊ अजून तयार नाही. त्याच्या 2 कोटी 40 लाखांचं काय झालं ते तो कुणाला सांगत नाही, आणि वाडीतला आपला हिस्सा विकायचा म्हणतो. पुढची बैठक गणपतीत ठेवली आहे, कारण तेव्हा पाचही जण एका छपराखाली असतात.